थेंबाची मुदतवाढ

देशातले सगळे निसर्गनियम अस्थायी होते आणि दर सहा महिन्यांनी त्यांना मुदतवाढ द्यावी लागे. कारभार आपल्या हातात आला तेव्हाच्या धांदलीत जे जसं होतं ते तसंच चालू ठेवलं गेलं, 'पुढील आदेश होईपर्यंत'. पुढील आदेश काही झाला नाही. गुरुत्वाकर्षण, प्रतिध्वनी, पाण्याचं उकळणं, लोखंडाचं गंजणं असे एकूण चारशे बारा नियम आस्थापनेवर होते. त्यांची यादी घेऊन मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर सह्या गोळा करत फिरणं हे राष्ट्रीय विज्ञान सल्लागाराचं मुख्य काम होतं. सल्लाही द्यावा लागे, नाही असं नाही. पण तो क्वचित, आणि कुणी विचारला तर.

डॉ. दत्ताराम वालावलकर हे काम नऊ वर्षं करत होते आणि चोख करत होते. त्यांच्या आधीच्या सल्लागारांच्या वेळी घर्षणाची फाइल एकदा तीन दिवस कुणाच्या तरी टेबलावर राहून गेली होती. त्या तीन दिवसांत सचिवालयाच्या जिन्यावरून एकशे चाळीस कर्मचारी घसरले. मागाहून कार्योत्तर मंजुरी घेण्यात आली. त्यामुळे घर्षण त्या तीन दिवसांतही होतंच असं ठरलं, आणि 'आपण घसरलो नाही' असं सगळ्यांकडून लिहून घेण्यात आलं. एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यानंही मुकाट्यानं लिहून दिलं. वालावलकरांच्या काळात असला प्रकार एकदाही झाला नाही. ते यादी स्वतः काखेत धरून न्यायचे, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिफ्टनं जायचे नाहीत.

या यादीत दोनशे सत्त्याऐंशी क्रमांकावर त्यांचा स्वतःचा नियम होता. 'पुरेशा तापलेल्या तव्यावर शिंपडलेला पाण्याचा थेंब तव्याला न टेकता आपल्याच वाफेवर तरंगतो व पळतो (वालावलकर नियम).' एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यात शोधला होता, आणि खरं सांगायचं तर तोही पुरता त्यांनी शोधला नव्हता. लग्न होऊन दोन महिने झाले होते. कुमुदताई बिडाच्या तव्यावर घावनं घालत होत्या. हाताची बोटं पाण्यात बुडवून त्यांनी तव्यावर झटकली आणि म्हणाल्या, "अहो, पळतंय बघा. तापला तवा." तेव्हा कुठे वालावलकरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. थेंब किती वेळ टिकला यावर दोघांची जरा हुज्जत झाली. वालावलकर म्हणाले एक्केचाळीस सेकंद, कुमुदताई तोंडानं आकडे मोजत होत्या, त्या म्हणाल्या त्रेपन्न. घड्याळ वालावलकरांकडे होतं, म्हणून निबंधात, आणि पुढे यादीतल्या तपशिलातही, एक्केचाळीस छापून आलं. निबंधाच्या शेवटी आभाराची जागा असते, तिथे त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे आभार मानले.

कुमुदताईंनी ते बत्तीस वर्षांत विसरू दिलं नव्हतं. पण चेष्टेनं. पाहुणे आले की तव्यावर पाणी झटकून म्हणायच्या, "हा बघा आमच्या ह्यांचा थेंब. ग्रंथालयाच्या कृपेनं पळतो." वालावलकर कानकोंडे व्हायचे, पण त्यांना ते आवडायचंही.

तर त्या वर्षी फेब्रुवारीत परिपत्रक आलं. प्रत्येक आस्थापनेनं आपल्या मंजूर संख्येतून एक पद समर्पित करायचं, म्हणजे कायमचं सोडून द्यायचं. मंत्रिमंडळ सचिव श्रीमती इनामदार यांनी वालावलकरांना बोलावून घेतलं. बाई कामाला वाघ, आवाज मात्र अगदी मऊ.

"इतरांकडे पदं आहेत, तुमच्याकडे नियम आहेत," बाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही एक नियम द्या."

"बाई, निसर्गनियम असा कमी करता येत नाही."

"हा सल्ला आहे की माहिती?"

वालावलकरांनी विचार केला. "माहिती."

"मग राहू दे. सल्ला असता तर नोंदवून अमान्य करावा लागला असता." त्यांनी फाइलवर काहीतरी टिपलं. "चारशे बारा आहेत हो तुमच्याकडे, डॉक्टर. त्यात एक जास्तीचा नसेल? क्रीडा विभागाकडे अकरा पदं होती, त्यांनी हूं की चूं न करता एक दिलं."

"कोणता नियम द्यायचा?"

"ते विज्ञानानं ठरवावं. शास्त्रीय बाबींत सरकार ढवळाढवळ करत नाही. पंधरा मार्चपर्यंत नाव कळवा."

वालावलकरांच्या कार्यालयात केंजळे नावाचे कक्ष अधिकारी होते. मूळचे साताऱ्याकडचे, चोवीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद न हरवलेले. त्यांनी एक तक्ता तयार केला. डाव्या बाजूला चारशे बारा नियम, उजव्या बाजूला 'वापरकर्ता विभाग'. ज्याच्यासमोर कुणीच सही करणार नाही तो नियम द्यायचा, असं ठरलं. पद्धत निःपक्ष होती. तक्ता सगळ्या विभागांकडे गेला.

वालावलकरांना मनातून वाटत होतं की गंज जाईल. गंजाचं कुणाला काय सुख? पण बांधकाम विभागाचे मुख्य अभियंता स्वतः धावत आले. देशातल्या सगळ्या पुलांना दरवर्षी रंग देणारी माणसं गंजावर अवलंबून होती, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी माणसं त्या माणसांवर. "गंज बंद झाला तर माझ्याकडे नुसते पूल राहतील," ते म्हणाले. गंजापुढे सही झाली. प्रतिध्वनीपुढे पर्यटन विभागाची सही आली, कारण सात थंड हवेच्या ठिकाणी लोक फक्त ओरडायला जात होते. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हा नियम आरोग्य विभागानं सोडला नाही. सगळ्या रुग्णवाहिकांवर उलटी अक्षरं नुकतीच रंगवून झाली होती. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, हे तरी सुटेल असं केंजळ्यांना वाटलं. शिक्षण विभागानं कळवलं की सहावीच्या पुस्तकात चित्र छापून झालं आहे, सबब कपटे चिकटणं अत्यावश्यक आहे.

दहा मार्चला तक्ता परत आला. केंजळे तो घेऊन केबिनमध्ये आले आणि उभेच राहिले.

"बसा की, केंजळे."

"साहेब, चारशे अकरांपुढे सह्या आल्यात."

"आणि?"

"दोनशे सत्त्याऐंशीपुढे निरंक आहे."

वालावलकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तक्ता पाहिला. निरंकच होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याची लाजही वाटली. निवड शास्त्रीय होती, पद्धत त्यांच्याच कार्यालयाची होती. आपला नियम वाचवायला दुसऱ्या कुणाचा पुढे ढकलायचा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. पण एखाद्या विभागाला तो खरोखरच लागत असेल आणि सही करायची राहून गेली असेल, तर विचारायला काय हरकत होती?

ते तडक तळमजल्यावर सचिवालयाच्या उपाहारगृहात गेले. तिथे रोज सहाशे डोसे होत. व्यवस्थापकानं त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि कपाटातून एक कागद काढून दाखवला. 'तव्यावर पाणी शिंपडून तो तापल्याचा अंदाज घेणे अशास्त्रीय आहे. तरी उपाहारगृहाने तापमानाचा काटा असलेले विजेचे तवे घ्यावेत.' खाली वालावलकरांची सही होती, चार वर्षांपूर्वीची. नऊ वर्षांत मान्य झालेला त्यांचा तो एकमेव सल्ला होता.

"तेव्हापासून आम्ही थेंब टाकत नाही, साहेब," व्यवस्थापक अभिमानानं म्हणाला. "काटा बघतो."

वालावलकरांनी कॉफी संपवली. वर येऊन केंजळ्यांना म्हणाले, "पण घरोघरी वापरतात हो. माझ्याच घरी रोज वापरतात."

"ते खरंय साहेब," केंजळे हळूच म्हणाले. "पण घर हा विभाग नाही. सहीला शिक्का लागतो."

पंधरा मार्चला वालावलकरांनी नाव कळवलं. इनामदारबाईंनी फोन करून त्यांचं अभिनंदन केलं. स्वतःचा नियम देणारा सल्लागार त्यांनी आजवर पाहिला नव्हता, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. वालावलकरांनी घरी मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत मार्च संपला. एकतीस तारखेला त्यांनी दोन घावनं जास्त मागून घेतली. कुमुदताईंना वाटलं, भूक लागली असेल.

एक एप्रिलला सकाळी कुमुदताईंनी तव्यावर पाणी झटकलं. थेंब पडला तिथेच बसला, फस्स झाला आणि डाग ठेवून गेला. त्यांनी गॅस वाढवला, थोडं थांबून पुन्हा झटकलं. पुन्हा फस्स. अंदाजानं पीठ घातलं, ते तव्याला चिकटून बसलं. उलथन्यानं खरवडत त्या म्हणाल्या, "अहो, तव्याला काय झालंय बघा जरा."

"तव्याला काही झालेलं नाही," वालावलकर वर्तमानपत्रामागून म्हणाले. मग त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. परिपत्रक, तक्ता, गंज, रुग्णवाहिका, निरंक.

कुमुदताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. गॅस बंद केला.

"मला विचारलंत?"

"सगळ्या विभागांना विचारलं होतं."

"मला विचारलंत का, असं विचारतेय मी."

"अगं, पण तू कुठल्या विभागात येतेस?" बोलून गेल्यावर ते शब्द परत घेता आले असते तर त्यांनी नऊ वर्षांची नोकरी दिली असती.

"तवा माझा होता," कुमुदताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होतं. "पीठ माझं होतं. पाणी मी झटकलं, पळतंय बघा असं मी म्हटलं. नियमाला वालावलकर नाव पडलं तेव्हा मी म्हटलं, असू दे, वालावलकर मीही आहेच. बत्तीस वर्षं असंच धरून चालले होते मी. आणि द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही एकटेच जाऊन देऊन आलात."

देशाला सल्ला देणाऱ्या माणसाला घरात एक वाक्य सुचू नये, याचं त्यांना फार दुःख झालं. कुमुदताईंनी तवा घासून खिळ्याला अडकवला आणि उपमा केला. दुसऱ्या दिवशीही उपमा झाला, तिसऱ्या दिवशीही. एप्रिल गेला, मे गेला. वालावलकरांना उपमा मुळीच आवडत नसे. पण तक्रार करण्याचा हक्क आपण समर्पित केला आहे, अशा समजुतीनं ते खात राहिले.

देशात फारसा बोभाटा झाला नाही. ठिकठिकाणी घावनं, आंबोळ्या आणि डोसे तव्याला चिकटू लागले, तेव्हा लोकांना तांदळात भेसळ आहे असं वाटलं. पुरवठा विभागानं तांदळाच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीत अकरा सदस्य होते. विज्ञान सल्लागारांचं मत मागवावं असं एकानं सुचवलं होतं, पण बहुमतानं ते गैरलागू ठरलं.

जूनमध्ये पडताळणी आली. समर्पित केलेलं पद खरोखर रिकामं आहे की कुणी अजून खुर्चीवर येऊन बसतंय, हे तीन महिन्यांनी बघायचं असतं, तसंच हे. राजधानीतली पन्नास स्वयंपाकघरं बघून प्रत्येकासमोर 'चालू' किंवा 'बंद' लिहायचं होतं. कुठे चालू आढळल्यास तवा जप्त करायचा होता. वालावलकर आणि केंजळे दोन आठवडे घरोघर हिंडले. एकोणपन्नास तवे झाले. कुठेही थेंब पळाला नाही. प्रत्येक फस्सबरोबर वालावलकरांचा चेहरा उतरायचा आणि केंजळे तेवढ्या वेळ खिडकीबाहेर बघायचे. पन्नासावं घर पडताळणी अधिकाऱ्याचं स्वतःचं असावं असा नियम होता, म्हणजे पक्षपाताचा संशय नको.

रविवारी सकाळी केंजळे तक्ता घेऊन आले.

"वहिनी, फक्त पाच मिनिटं," ते अवघडून म्हणाले. "तवा तापवून थोडं पाणी शिंपडायचंय. आमचं काम होईल."

कुमुदताईंनी खिळ्यावरचा तवा काढला आणि गॅसवर ठेवला. तवा तेलानं चांगला मुरलेला, काळाभोर चकचकीत होता. तीन महिने नुसत्या टांगलेल्या तव्याला अशी चमक कशी, असा प्रश्न वालावलकरांच्या मनात येतोय न येतोय तोच कुमुदताईंनी बोटं बुडवून पाणी झटकलं.

थेंब उभा राहिला. गोल, टपोरा. जागच्या जागी थरथरला आणि पळाला. काठाला धडकून परत फिरला, दुसऱ्या काठाला गेला, पुन्हा मधोमध आला.

थेंब बारीक होत होत नाहीसा झाला.

"कधीपासून?" वालावलकरांनी विचारलं.

"दोन एप्रिलपासून," कुमुदताई म्हणाल्या. "तुम्ही कचेरीत गेल्यावर मी नुसतंच बघावं म्हणून पाणी झटकलं, तर आपला पळायला लागला. मी म्हटलं, ये बाबा."

"म्हणजे तू रोज घावनं…"

"करते. तुम्ही गेल्यावर."

वालावलकरांना उपम्याचे तीन महिने एकदम आठवले. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहून दिलं असतं. आज बघायला आलात, म्हणून दाखवलं. खोटं मीही बोलत नाही."

केंजळ्यांनी तक्ता उघडला, पेनाचं टोपण काढलं आणि खाली बघत विचारलं, "साहेब, काय लिहू? माझं विचाराल तर माझी नजर तशी अधूच आहे. बंद लिहितो."

"नको," वालावलकर म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंय."

"मग चालू लिहावं लागेल. आणि तवा…" केंजळ्यांनी वाक्य पुरं केलं नाही. कुमुदताईंनी तव्याच्या मुठीला हात घातला आणि तो तिथेच राहू दिला.

वालावलकरांनी जन्मात कधी खोटं निरीक्षण नोंदवलं नव्हतं. पण तो तवा पोत्यात घालून सरकारी गाडीतून जाताना बघायचीही त्यांची छाती नव्हती. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. हातात धरून थांबले, आणि ते कुमुदताईंपुढे केलं.

"तू धर," ते म्हणाले. "मी शिंपडतो."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तव्यावर पाणी झटकलं. निम्मं केंजळ्यांच्या तक्त्यावर उडालं, पण एक थेंब नीट तव्यावर पडला आणि पळू लागला. कुमुदताई घड्याळावर डोळे लावून उभ्या होत्या. थेंब संपला.

"किती?"

"त्रेपन्न."

"पुन्हा करू."

पुन्हा त्रेपन्न. तिसऱ्यांदा केंजळ्यांनी स्वतःच्या घड्याळावर मोजलं. त्रेपन्नच.

"केंजळे," वालावलकर म्हणाले, आणि त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता, "दोनशे सत्त्याऐंशीचा थेंब किती सेकंद टिकतो?"

केंजळ्यांना यादी पाठ होती. "एक्केचाळीस, साहेब."

"मग हा तो नव्हे. आणा तो तक्ता इकडे."

त्यांनी उभ्याउभ्याच ओट्यावर तक्ता ठेवून शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हातानं लिहिलं: 'नियम क्रमांक २८७ बंद असल्याची खात्री केली. तपासणीत आढळलेला थेंब वालावलकर (सौ.) यांचा असून तो त्रेपन्न सेकंद टिकतो. तो बत्तीस वर्षांपूर्वी प्रथम त्यांनीच पाहिला. सदर नियम आस्थापनेवर कधीही घेण्यात आला नव्हता. सबब तो बंद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

केंजळ्यांनी दोनदा वाचलं. "साहेब, हा सल्ला आहे की माहिती?"

"माहिती."

"मग अमान्य व्हायची भीती नाही," केंजळे म्हणाले आणि त्यांनी शिक्का काढला.

"थांबा," कुमुदताई म्हणाल्या. पदराला हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि शेरा सावकाश वाचला. सगळा वाचून झाल्यावर एका जागी बोट ठेवलं. "हे काय? वालावलकर सौ.? ते तर आधीच एकदा होऊन गेलं. कुमुद लिहा."

वालावलकरांनी त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली, वर 'कुमुद' लिहिलं आणि खाडाखोडीच्या शेजारी, पद्धतीप्रमाणे, लघुस्वाक्षरी केली. केंजळ्यांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

तवा एव्हाना चांगला तापला होता. कुमुदताईंनी कांद्याची फोड तेलात बुडवून तव्यावरून फिरवली आणि पीठ ओतलं. पहिलं घावन केंजळ्यांच्या ताटात पडलं, दुसरं वालावलकरांच्या. जाळी छान पडली होती.